‘सिसिलीवर उतरलों’ : एका अमेरिकन पत्राचा कालनिर्णय आणि पोप विमानतळाचा वृत्तांत

मंडळाच्या संग्रहांतील एका पत्राविषयीं आमच्या हातून जी चूक झाली ती दुरुस्त करावी, आणि ती करतांना ज्या स्थळाशीं त्या पत्राचा संबंध आहे त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, असा या लेखाचा दुहेरी हेतु आहे. पत्र मोडी नाहीं, मराठीहि नाहीं. तें इंग्रजी असून अमेरिकेंतून आलेलें आहे. तें जुनेंहि नाहीं. परंतु ही शेवटची गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली.

मंडळाच्या एका सभासदांनीं २०२१ सालीं आमच्याकडे कागदांचें एक पुडकें आणून दिलें. त्यांचे एक आप्त अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना राज्यांत फेयटव्हिल शहरीं राहतात, व जुने कागद गोळा करण्याचा त्यांस नाद आहे. पुडक्यांत बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या काळचीं छायाचित्रें व पोस्टकार्डें होतीं, आणि त्यांतच हें पाकीट होतें. पाकिटाचा तिकिटाचा कोपरा कोणीतरी कात्रीनें कापून नेला आहे व त्याबरोबर टपालाचा शिक्काहि गेला आहे. (तिकिटें जमविणाऱ्या मंडळींनीं कागदांचें जें नुकसान केलें आहे तें वाळवीच्या खालोखाल भरेल.) पत्रावर तारीख नाहीं. पाठविणाऱ्याच्या पत्त्यांत ‘पोप फील्ड’ हें स्थळाचें नांव व शेवटीं २८३०८ हा आंकडा आहे. पत्र एका तरुण सैनिकानें आपल्या आजीस लिहिलें आहे. त्याचा सारांश असा : ग्रीन रॅम्पवर सर्व साज चढवून आम्हांस तीन तास बसवून ठेविलें, कारण हवामानवाल्यांच्या मतें वारा पडेना, शेवटीं रात्रीं सिसिलीवर उतरलों, वारा होताच, कित्येकांस लागलें, एकाचा घोटा मोडला, मी सुखरूप आहें, काळ्या टोपीचे आम्ही तिघेच होतों, परंतु रेडिओ आमच्या पाठीवर असल्यामुळें सर्वांची दृष्टि आमच्याकडे.

यावर आम्ही पेन्सिलीनें ‘सुमारें जुलै १९४३’ अशी नोंद करून ठेविली. आमची विचारसरणी उघड होती. १९४३ च्या जुलैच्या ९ व १० तारखांमधील रात्रीं अमेरिकेच्या ८२ व्या हवाई डिव्हिजनचे छत्रीसैनिक सिसिली बेटावर उतरले, व जोराच्या वाऱ्यामुळें ते दूरदूर विखुरले गेले, ही गोष्ट त्या युद्धाच्या कोणत्याहि इतिहासांत सांपडते. ‘पोप फील्ड’ हें फोर्ट ब्रॅग नांवाच्या लष्करी छावणीलगतचें विमानतळ, आणि ८२ वी डिव्हिजन त्याच छावणींतून युद्धास गेलेली. २८३०८ हा आंकडा आम्ही सैनिकाच्या पथकाचा अनुक्रमांक समजलों. जखमी होऊन परतलेल्या एखाद्या शिपायानें मागाहून लिहिलेलें हें पत्र असावें, असें आम्ही ठरविलें. सर्व इतकें नीट जुळलें कीं तपास तेथेंच थांबला.

पुढें २०२४ सालीं त्याच आप्तांकडून एक छापील पत्त्याचें पाकीट आलें. त्यावर ‘फोर्ट लिबर्टी’ असें स्थळाचें नांव होतें, पण विमानतळाचें नांव ‘पोप’ व खालीं आंकडा तोच, २८३०८! ऐंशी वर्षें एकाच आंकड्याचें पथक एकाच ठिकाणीं कसें राहील, ही शंका आली, आणि मग सर्व प्रकरण मुळापासून पाहणें भाग पडलें.

प्रथम आंकड्याविषयीं. अमेरिकेच्या टपालखात्यानें १ जुलै १९६३ पासून पांच आंकडी विभागांक सुरू केले. आपल्याकडील सहा आंकडी ‘पिन’ त्यानंतर, १५ ऑगस्ट १९७२ रोजीं, आला. २८३०८ हा पोप विमानतळाचा टपाल-विभागांक होय. म्हणजे तें पत्र १९६३ पूर्वींचें असूंच शकत नाहीं. एवढ्यानें आमची नोंद खोटी ठरली. परंतु खरी कोणती, हें ठरविण्यास त्या स्थळाचा इतिहास पाहावा लागतो.

फोर्ट ब्रॅगची स्थापना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, तोफखान्याच्या शिक्षणासाठीं ‘कँप ब्रॅग’ या नांवानें झाली. १९२२ सालीं ती कायमची छावणी होऊन ‘फोर्ट’ म्हणविली जाऊं लागली. तोफखान्यास आपले गोळे कोठें पडतात हें पाहणारे डोळे हवे असतात, म्हणून छावणीला लागूनच विमानें व फुगे यांसाठीं एक मैदान राखण्यांत आलें. ७ जानेवारी १९१९ रोजीं हार्ली हॅल्बर्ट पोप नांवाचा लष्करी वैमानिक आपल्या कर्टिस जातीच्या विमानासह जवळच्या केप फिअर नदींत कोसळून मृत्यु पावला. त्याच्या स्मरणार्थ त्या मैदानास त्याच वर्षीं ‘पोप फील्ड’ हें नांव मिळालें. रोमच्या धर्मगुरूशीं या नांवाचा कांहींएक संबंध नाहीं. हें मुद्दाम लिहिण्याचें कारण, पुडक्यांतील एक पोस्टकार्ड आमच्या एका तरुण सहायकानें ख्रिस्ती संप्रदायाच्या कागदांत लावून ठेविलें होतें.

पहिल्या आठ वर्षांत तेथें टेहळणीचीं विमानें व फुगे यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. तोफांचा मारा पाहणें, नकाशांसाठीं छायाचित्रें घेणें, टपाल नेणें व रानांतील वणवे शोधणें हीं त्यांचीं कामें. १९२७ च्या डिसेंबरांत येथून उडालेल्या बॉंबफेकी विमानांनीं पी डी नदीवरील एक पूल प्रयोगादाखल पाडला, ही त्या काळांतील मोठी घटना. दुसऱ्या महायुद्धांत छत्रीसैनिकांचें शिक्षण येथें सुरू झालें व मैदानाचें रूप पालटलें. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या सर्व काळांत अमेरिकेंत स्वतंत्र विमानदळ नव्हतें. वैमानिक हे लष्कराचेच शिपाई, मैदानहि लष्कराचेंच. धनी एक व वहिवाटदारहि तोच, अशी ही पहिल्या ‘पोप फील्ड’ची स्थिति होती.

१८ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेचें विमानदळ लष्करापासून वेगळें निघालें. भाऊ वेगळे झाले म्हणजे घर, गोठा, विहीर यांची जशी वांटणी होते तशी येथेंहि झाली. १९४८ सालीं पोप हें विमानदळाच्या वांट्यास जाऊन त्यास ‘पोप एअर फोर्स बेस’ असें नांव पडलें, व शेजारचें फोर्ट ब्रॅग लष्कराकडे राहिलें. पुढें ६ एप्रिल १९६६ रोजीं लष्कराचे प्रमुख जॉन्सन व विमानदळाचे प्रमुख मॅकॉनेल यांच्यांत एक करार झाला. त्यान्वयें लष्करानें आपलीं कॅरिबू जातीचीं मालवाहू विमानें विमानदळास दिलीं, व विमानदळानें बहुतेक हेलिकॉप्टरांवरील आपला हक्क सोडला. परिणाम असा कीं छत्रीनें उडी घेणारा शिपाई लष्कराचा, आणि ज्या मोठ्या विमानांतून तो उडी घेतो तें विमानदळाचें. एकावांचून दुसऱ्याचें चालत नाहीं, परंतु पगारपत्रक वेगळें, वरिष्ठ वेगळे, आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे दप्तरहि वेगळें.

ही वांटणी त्रेसष्ट वर्षें टिकली. तळ व छावण्या कमी करण्यासाठीं २००५ सालीं तेथें जी योजना ठरली तिच्या अन्वयें १ मार्च २०११ रोजीं पोपची जमीन, इमारती व धावपट्टी लष्कराकडे परत आली, व नांव पुन्हां ‘पोप फील्ड’, पूर्ण रूपांत ‘पोप आर्मी एअरफील्ड’, असें झालें. विमानदळाची ४३ वी विंग मोडून तिच्या जागीं लहान गट ठेविला गेला. राखीव दळाची ४४० वी विंग २००७ सालीं तेथें आली होती, तीहि २०१६ सालीं बंद झाली. तेव्हांपासून छत्रीसैनिकांस नेणारीं मोठीं विमानें परगांवच्या तळांवरून येतात. विमानदळाचे लोक मात्र गेले नाहींत. पाहुण्या विमानांची व्यवस्था व मालाची भरणी हीं कामें त्यांच्याकडेच राहिलीं. इनामाच्या कागदांत मूळ धनी एक व भोगवटा दुसऱ्याचा, असा प्रकार आपण नित्य पाहतों. २०११ नंतरचें ‘पोप फील्ड’ तशा जातीचें आहे. अक्षरें १९१९ च्या नांवाचींच, पण त्या नांवानें जी वस्तु दाखविली जाते ती वेगळी.

वैयाकरण ज्यांस यदृच्छाशब्द म्हणतात त्या विशेषनामांचा हा स्वभावच आहे. सिंहगडास आलमगीर बादशहानें ‘बख्शिंदाबख्श’ व साताऱ्यास ‘आजमतारा’ हीं नांवें दिलीं, तीं ज्यास ठाऊक नाहींत तो फारशी अखबारांत त्या किल्ल्यांचा शोध व्यर्थ करील. तेथें वस्तु एक, नांवें अनेक. येथें उलट, नांव एक व वस्तु अनेक. आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यांत शंकाच येत नाहीं. ‘शाहू छत्रपति’ या दोन शब्दांवरून अठरावें शतक कीं विसावें, सातारा कीं करवीर, हें काय सांगतां येतें?

आतां पत्रांतील इतर गोष्टी. लष्करी छावणींत राहणारें विमानदळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वैमानिक येतो. वस्तुतः तेथील विमानदळाचे पुष्कळ लोक विमान चालवीतच नाहींत, व पत्राचा उलगडा त्यांच्याच कामांवरून झाला.

पहिले हवामानवाले. १९४७ ची वांटणी झाली तेव्हां हवामानाचें खातें विमानदळाकडे गेलें, व लष्करास तें ज्ञान पुरविण्याची जबाबदारीहि त्याच्यावर पडली. म्हणून लष्कराच्या मोठ्या छावण्यांत विमानदळाचे हवामानवाले असतात. छत्रीनें उडी घेण्याच्या सरावांत जमिनीलगतचा वारा १३ नॉटांहून, म्हणजे ताशीं सुमारें १५ मैलांहून, अधिक असल्यास उडी होत नाहीं. गोल छत्रीस दिशा देतां येत नाहीं. वारा जिकडे नेईल तिकडे शिपाई आदळतो व आदळल्यावर फरफटत जातो. तेव्हां साज चढवून तासन् तास बसणें व हवामानवाल्यास शिव्या देणें हा तेथील शिपायाचा नित्यक्रम. आमच्या पत्रलेखकास तीन तास बसवून ठेविलें तें यासाठीं. शत्रूच्या मुलखावर जाणाऱ्या शिपायानें आजीस अशी तक्रार लिहावी, हें पहिल्या वाचनींच आम्हांस खटकावयास हवें होतें.

दुसरे माल भरणारे. तोफा, गाड्या, दारूगोळा हे पुठ्ठ्याच्या मधपोळ्यासारख्या थरांवर बांधून छत्र्यांनिशीं खालीं टाकतात. तीं गांठोडीं बांधतात लष्कराचे लोक व विमानांत चढवितात विमानदळाचे. टाकण्यापूर्वीं उभय पक्षांचे तपासनीस मिळून प्रत्येक बंध तपासतात व एकाच तक्त्यावर दोघांच्याहि सह्या होतात. एका वस्तूवर दोन खात्यांची साक्ष असलेला असा कागद हातीं आला तर संग्राहकानें तो रद्दी समजून टाकूं नये.

तिसरे, व आमच्या प्रकरणांत मुख्य, ते रेडिओवाले. पायदळास विमानांची मदत हवी असतां कोठें, केव्हां व किती मारा करावा हें वैमानिकास भूमीवरून सांगणारे हे विमानदळाचे शिपाई. ८२ व्या डिव्हिजनबरोबर पोप येथील १४ व्या स्क्वाड्रनचे असे लोक असत. ते पायदळाबरोबर राहतात, चालतात, व छत्रीपलटणींबरोबर असल्यास उडीहि घेतात. पगार विमानदळाचा, पंगत लष्कराची. आपल्या इतिहासांत यास जवळचा दृष्टांत परदरबारीं ठेविलेल्या वकिलाचा. वकील निजामाच्या किंवा शिंद्यांच्या छावणींत हिंडे, परंतु त्याच्या निष्ठेचें व पत्रांचें ठिकाण त्याचें स्वतःचें दप्तर. त्या वकिलाच्या पत्रांवांचून त्या छावणीचा इतिहास पुरा होत नाहीं, व छावणीच्या दप्तरांत तीं पत्रें सांपडतहि नाहींत. या रेडिओवाल्यांची खूण काळी बेरे टोपी. छत्रीसैनिकांची बेरे टोपी किरमिजी असते. ‘काळ्या टोपीचे आम्ही तिघेच’ या शब्दांचा अर्थ आतां स्पष्ट आहे, आणि छत्रीपलटणीबरोबर उडी घेणाऱ्यानें आपला पत्ता फोर्ट ब्रॅगचा न देतां पोपचा कां दिला, हेंहि त्यावरून उलगडतें. तो लष्कराचा शिपाईच नव्हे.

राहिली सिसिली. फोर्ट ब्रॅगच्या हद्दींत छत्रीसैनिक उतरविण्याचीं मोकळीं मैदानें आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील लढायांवरून त्यांस सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडी, हॉलंड, लुझॉन अशीं नांवें दिलेलीं आहेत. तेथील शिपाई ‘सिसिलीवर उतरलों’ म्हणतो तेव्हां भूमध्य समुद्राचा कांहीं संबंध नसतो. पोपच्या धावपट्टीवरून उडून सुमारें हजार फुटांवरून तो छावणीच्याच वालुकामय मैदानांत उतरलेला असतो. वाऱ्याचा उल्लेख १९४३ च्या त्या रात्रीशीं जुळला हा निव्वळ काकतालीय न्याय.

ग्रीन रॅम्प हें नांव मात्र जरा थांबून वाचावें असें आहे. पोपच्या धावपट्टीलगत विमानें उभीं करण्याची व शिपायांस साज चढविण्याची ती फरसबंद जागा. २३ मार्च १९९४ रोजीं तेथें शेंकडों छत्रीसैनिक उडीच्या तयारींत होते. त्या वेळीं उतरण्याच्या बेतांत असलेलीं दोन विमानें, एक एफ-१६ जातीचें लढाऊ व एक सी-१३० जातीचें मालवाहू, हवेंत एकमेकांस घांसलीं. मालवाहू विमान सुखरूप उतरलें. लढाऊ विमानांतील दोघे छत्र्यांनीं बाहेर पडले, परंतु त्यांचें रिकामें विमान ग्रीन रॅम्पवर उभ्या असलेल्या तिसऱ्या, सी-१४१ जातीच्या, विमानावर जाऊन आदळलें व इंधनाचा भडका उडाला. त्या आगींत व तिच्या परिणामानें २४ सैनिक मरण पावले. त्यांहून कितीतरी अधिक भाजले. मेलेले सर्व लष्कराचे. तिन्ही विमानें, धावपट्टी व विमानांस मार्ग दाखविणारे लोक विमानदळाचे. म्हणून चौकशीचे कागद एका खात्यांत, तर रुग्णालयांचे व मृतांचे कागद दुसऱ्या खात्यांत. लष्कराच्या इतिहास-विभागानें या आपत्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें आहे, व तें मुख्यतः लष्करानें जखमींची शुश्रूषा कशी केली याविषयीं आहे. तें स्वाभाविकच होय. पण जो संशोधक केवळ ‘फोर्ट ब्रॅग’ या नांवाखालीं शोध करील त्याच्या हातीं अर्धीच गोष्ट येईल, आणि २०११ नंतरची हद्द मनांत धरून जो वाचील तो, लष्कराच्या जमिनीवर लष्कराचे लोक मेले, असें समजेल. त्या दिवशीं ती जमीन लष्कराची नव्हती.

‘फोर्ट लिबर्टी’चा खुलासा आतां थोडक्यांत करतां येईल. मूळ ‘ब्रॅग’ हा ब्रॅक्स्टन ब्रॅग, अमेरिकेच्या यादवी युद्धांत गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडील पक्षाचा सेनापति. अशांचीं नांवें लष्करी स्थळांस असूं नयेत असा कायदा झाल्यावर २ जून २०२३ रोजीं छावणीचें नांव ‘फोर्ट लिबर्टी’ झालें. २०२५ च्या फेब्रुवारींत संरक्षणमंत्र्यांनीं तें पुन्हां ‘फोर्ट ब्रॅग’ करण्याचा हुकूम काढला. परंतु आतांचा ब्रॅग निराळा. हा रोलंड ब्रॅग, दुसऱ्या महायुद्धांतील एक साधा छत्रीसैनिक, शौर्याबद्दल पदक मिळविलेला. कायदा व जुनें नांव दोन्ही एकदम राखण्याची ही युक्ति पाहून आमच्या मीमांसक गुरुजींस कौतुक वाटलें असतें. कागद जमविणाऱ्यास यांतील सोय एवढीच कीं ‘फोर्ट लिबर्टी’ हें नांव असलेला कागद, तारीख नसली तरी, दोन वर्षांहून कमी अवधींत बसवितां येतो.

आमच्या पत्राचा कालनिर्णय पुढीलप्रमाणें ठरतो. विभागांकामुळें तें १९६३ नंतरचें. १९४८ पासून २०११ च्या फेब्रुवारीअखेर स्थळाचें सरकारी नांव ‘पोप एअर फोर्स बेस’ असल्यामुळें, व पत्त्यांत ‘पोप फील्ड’ असल्यामुळें, तें मार्च २०११ नंतरचें. पुडकें आमच्याकडे २०२१ सालीं आलें, तेव्हां तें त्यापूर्वींचें. दुसऱ्या पायरीविषयीं आम्ही पूर्ण निःशंक नाहीं. लोकांच्या तोंडीं जुनें नांव राहतें, व एखादा हौशी शिपाई १९९० सालींहि ‘पोप फील्ड’ लिहूं शकला असता. परंतु पत्ता हातानें न लिहितां छापील चिठ्ठीवर आहे, व अशा चिठ्ठीवर सरकारी नांवच असण्याचा संभव अधिक. याहून बलवत्तर पुरावा मिळेपर्यंत आम्ही २०११ ते २०२१ हीच मर्यादा धरितों.

या निर्णयाचा एक परिणाम आम्हांस प्रथम सुचला नव्हता. १९४३ सालच्या शिपायाचें पत्र छापण्यास कोणाची हरकत नसते. या पत्राचा लेखक मात्र बहुधा हयात असून पस्तिशींतला असावा. म्हणून वर केवळ सारांश दिला आहे, व त्याचें नांव किंवा आद्याक्षरेंहि दिलीं नाहींत. पुडकें आणणाऱ्या सभासदांमार्फत त्यांच्या आप्तांस आम्ही पत्र लिहून, शक्य असल्यास त्या कुटुंबाचा शोध घ्यावा व पत्र त्यांस परत हवें आहे काय तें विचारावें, अशी विनंति केली आहे. तोंपर्यंत तें निराळ्या लिफाफ्यांत ठेविलें आहे. पेन्सिलीची जुनी नोंद आम्ही पुसली नाहीं. तिच्याखालीं नवी नोंद शाईनें लिहिली आहे.